पासून–पर्यंतचा बोर्ड: पूर्व भागातल्या पेंटर अण्णांकडचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय, तो कशासाठी ते ओघात येईलच. आधी पत्ता सांगतो, कारण लोक पत्त्यालाच अडतात. दुकानाचं नाव विचारू नका, त्याला नाव नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या रंगवल्या, पण स्वतःच्या दुकानावर पाटी नाही, ही ओळख पुरेशी आहे. सोलापूरच्या कन्ना चौकातून साखर पेठेकडे आत शिरा. यंत्रमागांचा खडखडाट दोन्ही बाजूंनी सुरू झाला की एका शटरसमोर रिक्षाच्या मागच्या पत्र्यावर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहिणारा एक माणूस दिसेल. तेच अण्णा.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. एकतीस वर्षं शाळेत शिट्टी वाजवली, आता सकाळी साडेसहाला पोरांची फुटबॉलची बॅच घेतो. शाळेने मेहेरबानी करून एक अडगळीची खोली दिली आहे. बॉल, कोन, फाटकी नेट आणि एक गळका माठ असा संसार आहे आमचा. गेल्या पावसाळ्यात मैदानात चिखल झाला म्हणून सगळ्यांना त्या खोलीत कोंबून प्रश्नमंजुषा घेतली. मँचेस्टरचे दोन क्लब, माद्रिदचे दोन क्लब, कोण किती कोटींना गेला, सगळं तोंडपाठ. मग विचारलं, 'आशियातलं फुटबॉल कोण चालवतं?' सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मागून एक ओरडला, 'सर, जय शहा!' क्रिकेटपुरतं ते उत्तर काही वर्षं बरोबर होतं, म्हणून मी अर्धा गुण दिला.

त्याच खोलीत भिंतीला तोंड करून शाळेचा जुना बोर्ड उभा होता. सागवानी चौकट, चार फूट बाय तीन फूट, काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत 'आजवरचे मुख्याध्यापक', आणि खाली तीन रकाने: नाव, पासून, पर्यंत. वरती ऑफिसात आता स्टीलच्या अक्षरांचा नवा बोर्ड लागलाय. हा तसाच पडून. मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, नेऊ का? म्हणाल्या, न्या, जागा तरी होईल. असाच बोर्ड आशियाई फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांचा करावा आणि पोरांच्या डोळ्यांसमोर टांगावा, हे खूळ तिथंच डोक्यात शिरलं.

आधी मी फ्लेक्सवाल्याकडे गेलो, हे कबूल करतो. स्वस्त आणि तासाभरात. नाव लिहीत नाही, सोलापुरात चौकाचौकात आहेत त्यांतलाच एक. नावं दिली, वर्षं दिली, फोटो तोच शोधतो म्हणाला. संध्याकाळी गेलो तर वाढदिवसाच्या साच्यात सगळं बसवून ठेवलेलं: कोपऱ्यात गुलाबाच्या पाकळ्या, खाली 'शुभेच्छुक' आणि पुढे मोकळी जागा. तेही चाललं असतं. पण आताचे अध्यक्ष, बहरीनचे शेख सलमान, यांच्या नावाखाली कतारच्या मोहम्मद बिन हम्माम यांचा फोटो. मी दाखवलं तर म्हणतो, 'सर, दोघांच्या बी डोक्यावर पांढरंच हाय की, कुणाला कळतंय?' आता याला काय सांगणार, की २००९ साली क्वालालंपूरला हेच दोघं फिफाच्या, म्हणजे जगाचं फुटबॉल चालवणाऱ्या संस्थेच्या, कार्यकारिणीतल्या जागेसाठी एकमेकांसमोर उभे होते आणि बिन हम्माम २३ विरुद्ध २१ मतांनी कसेबसे निसटले होते! आपल्याकडे वॉर्डातल्या दोन उमेदवारांचे फोटो असे उलटेपालटे लागले असते तर दुकानाच्या काचा राहिल्या नसत्या. ॲडव्हान्सचे चारशे रुपये सोडून दिले आणि बोर्ड रिक्षात घालून पूर्व भागात आणला.

अण्णांनी बोर्ड बघितला, नखाने एक अक्षर खरवडलं, म्हणाले, 'हे आमच्या उस्तादाचं काम हाय. आता कोण सागवान देतंय बोर्डाला?' अण्णांचे उस्ताद टॉकीजचे बॅनर रंगवायचे. बॅनरचं काम संपलं तसे अण्णा पाट्यांवर आले, पाट्या संपल्या तसे रिक्षांवर. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, रिक्षावाल्याशी हिंदी, आणि ब्रशशी काय बोलतात कोण जाणे, पण ओठ हलत असतात.

दराची पद्धत ऐकून ठेवा. बोर्ड घासून, लांबी भरून, काळ्या इनॅमलचे दोन हात द्यायचे नऊशे. अक्षराला आठ रुपये. आकडे निम्म्या भावात. मथळ्याची मोठी अक्षरं पंधरा रुपयांना. स्क्वेअर फुटाचा हिशोब नाही. त्यामुळे तुम्ही आपोआप संपादक होता. मलेशियातल्या पहाँगच्या सुलतानांचं पूर्ण नाव बिरुदांसकट लिहायचं तर पंखा विकावा लागला असता, म्हणून 'सुलतान अहमद शाह' एवढ्यावर भागवलं: दहा अक्षरं, ऐंशी रुपये. 'शेख सलमान बिन इब्राहिम अल खलिफा' सतरा अक्षरं, पण चालू अध्यक्षाला कसं कापणार? खरं भांडण झालं ते 'मोहम्मद बिन हम्माम'वर. माझ्या हिशोबाने अक्षरं नऊ. अण्णा म्हणाले अकरा, कारण दोन 'म्म' आहेत आणि जोडाक्षराला ब्रश दोनदा उचलावा लागतो. सोळा रुपयांसाठी वीस मिनिटं गेली. शेवटी त्यांनी चहा मागवला आणि मी सोळा रुपये दिले.

हा माणूस ब्रश हातात घेण्याआधी मजकूर वाचतो, आणि वाचून प्रश्न विचारतो. मला त्यांची हीच गोष्ट सर्वांत आवडली. मी दिलेल्या कागदावर पहिली ओळ होती, 'स्थापना: मनिला, ८ मे १९५४'. विचारलं, मनिलाच का? म्हटलं, तिथं दुसरे आशियाई खेळ चालू होते, सगळ्या देशांची माणसं आयती जमली होती, बारा देशांनी मिळून संस्था काढली. त्या बारांत आपणही. युरोपवाल्यांची संस्था त्याच वर्षी १५ जूनला बाझेलला निघाली. अण्णांनी बोटांवर मोजलं. 'म्हंजे अडतीस दिवसांनी आपण थोरले?' हो, थोरले. पोरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचाही विश्वास बसला नाही. त्यांच्या लेखी फुटबॉल युरोपातून टीव्हीच्या वायरने येतं.

पहिल्या ओळी हाँगकाँगच्या. पहिले अध्यक्ष सर मॅन काम लो, पेशाने वकील. त्यांच्यामागून त्याच वर्षी क्वोक चान. १९५८ येईस्तोवर खुर्ची इतक्या झपाट्याने हातोहात फिरली, मलायाचे, म्हणजे आताच्या मलेशियाचे, चान नाम चेओंगसुद्धा तेवढ्यात येऊन गेले, की अण्णा वैतागले. 'हे काय महापौर हायत का ओ? बसला की उठला!' त्यांचं वैतागणं धंद्याचं होतं. तेवढ्याच कामात ओळी जास्त, आणि पासून-पर्यंतचे आकडे निम्म्या भावाचे.

आणि मग एकदम टुंकू अब्दुल रहमान, १९५८ ते १९७७. अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला. 'एकोणीस वर्षं? बदली नाही, काही नाही?' म्हटलं, अण्णा, हे मलायाचे पहिले पंतप्रधान. १९५७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हापासून १९७० पर्यंत देशही तेच चालवत होते आणि आशियाचं फुटबॉलही. टुंकू ही खरं तर राजपुत्राची पदवी. ती काढली असती तर दोन अक्षरं वाचली असती, पण मग माणूस कोणी ओळखणार नाही. अण्णांचा ब्रश थांबला. 'पंतप्रधानाला मॅच बघायला वेळ कुठनं मिळायचा?' मिळायचा. वेळ काढून त्यांनी स्वातंत्र्याच्या वर्षीच मर्डेका स्पर्धा सुरू केली. मर्डेका म्हणजे स्वातंत्र्यच. आशियातल्या संघांना दरवर्षी एकमेकांशी खेळायला ती हक्काची जागा झाली. आपले लोक तिथं नेमाने जायचे, १९५९ ला दुसरे आलो होतो. १९६२ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत दक्षिण कोरियाला २–१ हरवून आपण सुवर्ण जिंकलं, १९६४ च्या आशिया चषकात दुसरे आलो, ते सगळं या एका ओळीच्या आत घडलंय. माझं मत विचाराल तर बोर्डावरची ही सर्वांत भारी ओळ. पंतप्रधान होता म्हणून नव्हे. खुर्चीत बसून या माणसाने पोरांना खेळायला स्पर्धा दिल्या म्हणून.

त्याच ओळीत एक काटाही आहे. १९६४ चा तो आशिया चषक इस्राएलमध्ये झाला आणि इस्राएलनेच जिंकला. दहा वर्षांनी, १९७४ ला, कुवेतच्या ठरावावरून महासंघाने त्यांना बाहेर काढलं. बरीच वर्षं ते फुटबॉलच्या नकाशावर भटकत राहिले आणि १९९४ ला युरोपच्या संस्थेत रीतसर सभासद झाले. आमच्या बॅचमधला एकजण नेहमी विचारायचा, सर, इस्राएल आशियात असून युरोपात का खेळतं? उत्तर आता 'पासून' आणि 'पर्यंत' यांच्या मधल्या रेघेत आहे.

टुंकूंनंतर इराणचे कांबिझ अताबाय. तिथल्या राजाच्या, म्हणजे शहाच्या दरबारातला माणूस. १९७८ पर्यंतच. पुढच्या वर्षी शहाची गादीच राहिली नाही.

मग हमझा अबू समाह, पुन्हा मलेशिया, मंत्रिमंडळात राहिलेला माणूस, १९७८ ते १९९४. या ओळीशी मी अण्णांना एक जादा गोष्ट सांगितली, ती अंगाशी आली. म्हटलं, हमझा आले त्याच वर्षी सरचिटणीस म्हणून पीटर वेलप्पन आले. मलेशियातले तमिळ वंशाचे. ते २००७ पर्यंत त्या खुर्चीवर होते: एकोणतीस वर्षं, तीन अध्यक्ष. 'तीन मुख्याध्यापक बघितलेला हेडक्लार्क!' अण्णा म्हणाले. मग हळूच, 'त्याचं नाव कुठं हाय बोर्डावर?' म्हटलं, हा अध्यक्षांचा बोर्ड आहे. अण्णांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू वेलप्पन त्यांच्या गल्लीत राहायचे आणि मी त्यांची पेन्शन अडवलीय. म्हणाले, तुमच्या शाळेत घंटा देणाऱ्या शिपायाचं नाव तरी कुठं होतं म्हणा. मी गप्प बसलो. एकतीस वर्षं मीही त्याच शाळेत होतो आणि त्या जुन्या बोर्डावर माझंही नाव नव्हतं.

(शेवटी चौकटीच्या खालच्या पट्टीवर बारीक अक्षरांत त्यांनी लिहूनच टाकलं: 'सरचिटणीस पीटर वेलप्पन, १९७८–२००७'. पैसे घेतले नाहीत. मी सांगितलंही नव्हतं.)

सुलतान अहमद शाह यांच्या ओळीला अण्णा खुलले. हे पहाँगचे सुलतान, आणि १९७९ ते १९८४ मलेशियाचे राजेसुद्धा. पाच वर्षंच का? कारण तिथं नऊ राजघराणी आहेत, ती आपसात पाच-पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात. 'म्हंजे राजा बी पाळीनं? आमच्या मंडळाचा अध्यक्ष असतोय तसा?' साधारण तसाच, फक्त वर्गणी मागत फिरत नाही. १९९४ ते २००२ ते महासंघाचे अध्यक्ष. त्यांच्याच कारकिर्दीत, २००२ ला, विश्वचषक पहिल्यांदा आशियात आला, जपान आणि कोरिया दोघांनी मिळून भरवला, आणि कोरिया उपांत्य फेरीपर्यंत गेलं. त्याच उन्हाळ्यात सुलतान पायउतार झाले.

पुढची ओळ बिन हम्माम यांची. आठ दिवसांचं काम इथंच अडकलं. कागदावर मी लिहिलं होतं '२००२–२०११'. बाईंनी मजकूर बघितला तेव्हा म्हणाल्या होत्या, सर, मुलांसमोर हे नाव हवंच का? मी म्हटलं, बाई, नाव गाळलं तर २००२ ते २०११ खुर्ची रिकामी होती का, असं पोरंच विचारतील. अण्णांना मात्र वेगळीच शंका. 'पर्यंत म्हंजे नेमकं कधीपर्यंत?' घ्या! मग सगळं सांगावं लागलं. कतारचे व्यापारी. ऑस्ट्रेलिया आशियाच्या महासंघात आलं ते २००६ साली, यांच्याच काळात. २०११ ला ते फिफाच्या अध्यक्षपदासाठी तेव्हाचे अध्यक्ष ब्लाटर यांच्यासमोर उभे राहिले. मे महिन्यात त्रिनिदादमध्ये कॅरिबियन बेटांच्या पदाधिकाऱ्यांची सभा झाली, तिथं पाकिटं वाटल्याचा आरोप झाला. एका पाकिटात चाळीस हजार डॉलर. महिना संपायच्या आत निलंबन, जुलैत तहहयात बंदी. २०१२ च्या जुलैत क्रीडा लवादाने ती बंदी रद्द केली, पुरावा पुरेसा नाही म्हणून. पण निर्दोष आहेत असंही म्हटलं नाही. आणि डिसेंबरात महासंघाच्या कारभारातल्या हितसंबंधांवरून पुन्हा तहहयात बंदी.

अण्णा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. 'मग २०११ लिहू, का जुलै १२, का डिसेंबर १२?' मी म्हटलं २०११, कारण त्यानंतर खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता. 'लाल रंगात लिहू?' म्हटलं नको. मुख्याध्यापकांच्या जुन्या बोर्डावरही एक मधेच गेलेले होते, तेही पांढऱ्याच अक्षरांत होते. अण्णांनी मान डोलावली. पण 'पर्यंत'च्या रकान्यातला तो ११ त्यांनी अख्ख्या बोर्डावर सर्वांत सावकाश काढला. डाव्या हातात आडवी काठी, तिचं कापड गुंडाळलेलं टोक बोर्डाच्या कडेला टेकवलेलं, उजवं मनगट काठीवर, आणि ब्रशचे केस जेमतेम अर्ध्या इंचाचे. वरून खाली येताना श्वास धरला, उचलताना सोडला. दोन आकड्यांना एवढा वेळ मी पहिल्यांदाच बघितला.

आता कापलेल्या स्टारबद्दल. बिन हम्माम यांच्यानंतर चीनचे झांग जिलाँग, २०११ ते २०१३, पण प्रभारी. मी कागदावर 'प्रभारी' स्पष्ट लिहिलं होतं. अण्णांनी ते खाल्लं. रंग ओला असताना दाखवलं असतं तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसता आलं असतं, पण मी गेलो तो दुसऱ्या दिवशी, आणि सोलापूरचं मे महिन्याचं ऊन म्हणजे इनॅमल चहा होईस्तोवर वाळतं. मग नावाच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'प्रभारी' घुसवलं. दुरून बघितलं तर झांगसाहेबांना टोपी घातल्यासारखं दिसतं. शिवाय बहरीनचं 'बहारीन' झालं होतं. तो काना काळ्या रंगाने बुजवलाय, पण नवा काळा जुन्यापेक्षा जास्त चमकतो, त्यामुळे ट्यूबच्या उजेडात तिथं एक उभा डाग दिसतोच.

उशीर म्हणाल तर, आठ दिवस सांगितले, सव्वीस लागले. एक दिवस पाण्याचा वार होता, अख्खी गल्ली हंडे घेऊन उभी. एक दिवस वीज नाही. तीन दिवस लग्नाला गेले. उरलेल्यांचा हिशोब मिळाला नाही. फोन उचलत नाहीत, कारण हाताला रंग असतो. हे कारण मात्र मी डोळ्यांनी बघितलंय. दोनदा गेलो तर बोर्ड भिंतीला टेकवलेला आणि अण्णा एका सोड्याच्या गाडीवर लिंबू रंगवत बसलेले. 'काय करलालाव अण्णा?' तर म्हणतात, 'लिंबू अर्जंट हाय, अध्यक्ष कुठं पळून चाललेत?'

आणखी एक खोट आहे. तिला खोट म्हणावं की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही. जुनी अक्षरं त्यांनी पॉलिश पेपरने पुरती घासली नाहीत. समोरून काही कळत नाही. पण सकाळी सातला खिडकीतून ऊन तिरकं आलं की काळ्या रंगाखालून मुख्याध्यापकांची नावं फुगून वर येतात. टुंकू अब्दुल रहमान यांच्या पोटात आमचे जुने मुख्याध्यापक आहेत, ज्यांनी मला नोकरीवर घेतलं. आडनावाचा रफार अगदी स्पष्ट दिसतो. मी तक्रार करायला गेलो नाही.

शेवटची ओळ शेख सलमान यांची. २ मे २०१३ ला क्वालालंपूरला निवडून आले, ४६ पैकी ३३ मतं पहिल्याच फेरीत. बहरीनच्या राजघराण्यातले. २०१६ ला फिफाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले, दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्धी इन्फान्टिनोंना ११५ आणि यांना ८८. परत आले आणि आशियाच्या खुर्चीवर आजही आहेत. २०१५, २०१९, २०२३, दर वेळी बिनविरोध. इथं अण्णांनी धंद्यातला नेहमीचा प्रश्न विचारला: 'खाली मोकळ्या ओळी किती सोडू?' शाळेच्या बोर्डाला ते पाच सोडतात, ग्रामपंचायतीला दहा. मी म्हटलं, पदावर किती वर्षं राहायचं याची मर्यादा होती, ती २०२४ ला बँकॉकच्या सभेत काढून टाकली. अण्णा हसले. 'मग दोन बास.'

बोर्ड टांगला त्या दिवशी पोरांनी तो माझ्यापेक्षा बारकाईने वाचला. हाँगकाँग, मलेशिया, इराण, मलेशिया, मलेशिया, कतार, चीन, बहरीन. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं, 'जपानचा एक बी नाय बे.' खरंच नाही. आशिया चषक चारदा जिंकलेलं जपान नाही, पहिले दोन आशिया चषक नेलेलं कोरियाही नाही. मैदानावर जिंकणारे वेगळे आणि या बोर्डावर चढणारे वेगळे, हे मी इतकी वर्षं यादी वाचूनही असं मांडलं नव्हतं. आपलाही कोणी नाही, बारा संस्थापकांत असून. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल उपाध्यक्षपदापर्यंत गेले, २०१९ ला फिफाच्या कौन्सिलवर निवडून आलेले पहिले भारतीयही तेच. पण या बोर्डाला उपाध्यक्षांचा रकाना नाही. बाई बोर्ड बघायला आल्या आणि एवढंच म्हणाल्या, 'यात एकही बाई नाही, सर.' त्यांच्या ऑफिसातल्या स्टीलच्या बोर्डावर शेवटचं नाव त्यांचं आहे, आणि तिथंही त्या पहिल्याच.

सगळं मिळून २,७१० झाले, वरचे दहा अण्णांनी सोडले. फ्लेक्सच्या मानाने महाग आहे, नाही कशाला म्हणू. पण फ्लेक्स सोलापूरच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत पापडासारखं होतं, आणि फ्लेक्सवाला 'पर्यंत म्हंजे कधीपर्यंत' असं विचारत नाही.

जाणार असाल तर मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, जोडाक्षरं आधीच मोजून ठेवा, काम चालू असताना दिवसाआड चक्कर मारा आणि रंग ओला असतानाच वाचून घ्या. सांगतील त्या मुदतीला तीनने गुणा. लग्नसराईत जाऊ नका. बोर्ड न्यायला-आणायला रिक्षा तुमची.

एक सोय चांगली आहे. शेवटच्या ओळीत 'पर्यंत'चा रकाना रिकामा आहे, तो भरायचे पैसे अण्णा घेत नाहीत. जुन्या बोर्डांचंही तसंच करतात म्हणाले, फक्त बोलावणं धाडायचं. म्हटलं, अण्णा, कधी भरायची वेळ येईल सांगता येत नाही. 'येऊ दे की. मी नसलो तर पोरगं येईल,' म्हणाले, आणि ब्रश पुसायला लागले. पोरगं सात रस्त्याला एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे.